कमावत्या पिढीची वर्गणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या मुंबई मंडळाची वार्षिक सभा असो, तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते : हल्लीची पोरं येत नाहीत, वर्गणी देत नाहीत. पोरं म्हणजे पंचविशी-तिशीतली, ठाण्या-पुण्यात, बंगळूरला किंवा दुबईत चांगल्या पगारावर असलेली पिढी. तक्रार करणारे साठीच्या पुढचे. त्यांनी गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये राबून गावातल्या देवळाला, शाळेला, साकवाला पैसे दिले. त्यांची खंत मनापासूनची आहे. पण हीच पोरं अनोळखी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी फोनवरून पैसे पाठवतात, पूर आला की रजा टाकून चिपळूणला गाळ उपसायला येतात, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला वेळासला मुक्काम करतात. म्हणजे देण्याची इच्छा आहे, पैसाही आहे. गावाची आणि या पिढीची चुकामूक कुठे झाली, हा खरा प्रश्न. माझं मत आधीच सांगितलेलं बरं. नुसती वर्गणी मागितली तर ही पिढी फिरकत नाही. तिच्या हातातलं कसब मागितलं आणि पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवताना तिला विचारलं, तर ती येते आणि टिकते. रत्नागिरीत याचे जुने दाखले आहेत आणि नवेही.

हा जिल्हा मनीऑर्डरवर जगला, असं आपण सहज म्हणून जातो. त्या वाक्यामागचं वास्तव जनगणनेत उघड दिसतं. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. दहा वर्षांपूर्वी ती १६ लाख ९६ हजार होती. राज्यातले बहुतेक जिल्हे वाढत असताना हा घटला. दर हजार पुरुषांमागे इथे ११२३ स्त्रिया होत्या. पुरुष कमवायला बाहेर आणि बायका शेत, घर, सासू-सासरे सांभाळायला गावात, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

गिरणगावातल्या चाळींमध्ये एकेका गावाची खोली असायची. गावातून आलेला मुलगा त्या खोलीवर उतरायचा, पाळीच्या हिशोबाने झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि पहिल्या पगारापासून मंडळाचा सभासद व्हायचा. व्हायचं की नाही, हा विचारच कुणी करत नसे. सभेत खजिनदार जमाखर्च वाचून दाखवायचे : मागील शिल्लक, जमा वर्गणी, देणग्या, खर्च, हातची शिल्लक आणि सर्वांत शेवटी येणेबाकी, नावानिशी. बाकी राहिलेल्याला सगळ्यांसमोर उठून कारण सांगावं लागे. नोकरी गेली असेल तर तिथल्या तिथे वर्गणी माफ होई आणि प्रसंगी त्याच सभेत त्याच्या घरासाठी पैसे जमत. दिलेल्या पैशाचं काय झालं हे सभासदाला अहवालात शोधावं लागत नसे. मे महिन्यात गावी गेल्यावर तो साकव त्याच्या पायाखाली असे, शाळेची नवी कौलं डोळ्यांसमोर असत. देणारा, घेणारा आणि हिशोब ठेवणारा एकमेकांना ओळखत, ही या व्यवस्थेची ताकद होती.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि या व्यवस्थेचा पाया हलला. गिरण्या गेल्या, खोल्यांवरची वस्ती पांगली. पुढची पिढी विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीत वाढली. तिला गाव गणपतीत आणि शिमग्यात भेटलं. मंडळं टिकली, पण पहिल्या पगाराचा आणि मंडळाचा सांधा तुटला.

तरुण नोकरदारांनी समाजासाठी काय द्यावं, हा विषय आपल्याला नवा वाटतो. प्रत्यक्षात या जिल्ह्यातल्या माणसांनी त्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण केलं आहे. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६चा. १८८०मध्ये चिपळूणकर, आगरकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं तेव्हा ते चोविशीत होते. गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, जन्म १८६६. पदवी घेऊन ते विशीतच त्या शाळेमागच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. अट अशी, की वीस वर्षं शिकवायचं आणि महिना ७५ रुपयांवर भागवायचं. हे आजच्या शब्दांत तरुण व्यावसायिकच होते. कायदा, गणित, भाषा यांचं शिक्षण घेतलेले, सरकारी नोकरीची वाट मोकळी असलेले.

भांडण झालं ते बाहेरच्या कामावरून आणि बाहेरच्या कमाईवरून. टिळकांचं म्हणणं, आजीव सदस्याने आपला सगळा वेळ आणि शक्ती संस्थेलाच द्यावी. बाहेरची कमाई त्यागाच्या तत्त्वाला बाध आणते. इतरांचं म्हणणं, ठरलेलं काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात माणसाने काय करावं हा त्याचा प्रश्न. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा वाद टोकाला गेला आणि १८९०मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघेही थोर आणि प्रामाणिक होते, म्हणूनच हा वाद सखोल आहे. सगळं आयुष्य द्यायचं की आयुष्याचा एक भाग? नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्या आजच्या मुलीला पूर्णवेळ कार्यकर्ता नकळत कमी लेखतो आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याचा घरखर्च कसा चालतो हे तिला ठाऊक नसतं, तेव्हा तोच वाद पुन्हा चाललेला असतो.

या वादाला एक उत्तर धोंडो केशव कर्व्यांनी कृतीतून दिलं आणि ते मला आजही सर्वांत उपयोगी वाटतं. कर्व्यांचा जन्म खेडजवळच्या शेरवलीचा, बालपण दापोली तालुक्यातल्या मुरुडचं. मुंबईत शिकवून पोट भरत असताना, १८८६च्या सुमाराला, त्यांनी मुरुड फंड उभा केला. गावाबाहेर कमावणाऱ्या मुरुडकरांनी वर्गणी द्यायची आणि त्यातून गावाची कामं व्हायची. नंतरची सारी मुंबई मंडळं ज्या वाटेने गेली ती ही वाट. पुढे १८९६मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. नोकरी सोडली नाही. कॉलेजातलं काम आटोपून हिंगण्यातल्या आश्रमाची वाट पायी तुडवली. आणि १९०८मध्ये निष्काम कर्ममठ स्थापून पूर्णवेळ वाहून घेणाऱ्यांसाठीही जागा केली. पगारदाराचा थोडा पैसा, त्याचा उरलेला वेळ आणि मोजक्या माणसांचं पूर्ण आयुष्य, या तिन्हींची सांगड त्यांनी घातली. १९२९मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते परदेशात गेले आणि त्यानंतरच्या दौऱ्यात पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांपुढे जाऊन हिंगण्याच्या संस्थेसाठी आणि महिला विद्यापीठासाठी पैसे मागितले. तरुणपणी मुरुडकरांकडे वर्गणी मागणाऱ्या माणसाला म्हातारपणी मोंबासातल्या दुकानदाराकडे हात पसरताना संकोच वाटला नाही, कारण दोन्ही ठिकाणी तो हिशोब देऊ शकत होता.

मोठ्या धनिकांच्या देणग्याही इथे आहेत. गरिबीतून मुंबईला गेलेले आणि बांधकाम व्यवसायात नाव काढलेले भागोजीशेठ कीर यांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधून दिलं. १९३१मध्ये सर्व जातींसाठी उघडलेलं हे देऊळ म्हणजे नुसती धर्मादाय इमारत नव्हती; त्या काळातल्या एका भांडणात घेतलेली बाजू होती. गोगटे आणि जोगळेकर ही नावं तर आज कॉलेजच्या नावातून रोज घेतली जातात. पण धनिकाचं दान हा वेगळा विषय आहे. आपल्याला पाहायचं आहे ते पगारदाराकडे.

पगारदाराने किती द्यावं, याचं उत्तर आपल्याकडे वेगवेगळ्या माणसांनी चक्क आकड्यात दिलं आहे. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग द्यावा असं सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याला त्यांनी शिकलेल्या लोकांबद्दलची निराशा जाहीरपणे बोलून दाखवली होती. शिकून नोकरीला लागलेला वर्ग समाजाकडे पाठ फिरवतो, हे शल्य त्यांना होतं. पुढे कांशीराम पुण्यातल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला असताना कर्मचाऱ्यांचं संघटन सुरू झालं आणि ६ डिसेंबर १९७८ला बामसेफ ही कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली, ती याच विचारावर : समाजामुळे शिकलात, नोकरीला लागलात, तर समाजाचं देणं फेडा. पैसा, वेळ आणि बुद्धी, तिन्ही द्या. महाराष्ट्रात नोकरदारांच्या देण्याचा इतका स्पष्ट विचार दुसरा क्वचितच झाला असेल, आणि दानधर्मावरच्या चर्चांत त्याचं नाव क्वचितच निघतं.

इस्लाममधली जकात म्हणजे शिलकीचा चाळिसावा भाग. जिल्ह्यातल्या मुसलमान कुटुंबांतली मुलं पिढ्यांपासून आखाती देशांत नोकरीला आहेत. गावची जमात आणि कुवेत-दुबईतले गावकरी यांच्यातून शाळा, वसतिगृहं, दवाखान्याचा खर्च निघतो. पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी १९५२ला संपत्तिदान मांडलं. मिळकतीचा सहावा हिस्सा द्यायचा; पण पैसे देणाऱ्याकडेच ठेवायचे, सांगितलेल्या कामावर त्यानेच खर्च करायचे आणि हिशोब पाठवायचा. ही कल्पना पुढे मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. देणाऱ्याला पावती देऊन मोकळं करण्याऐवजी तिने त्याला कामात गुंतवलं होतं, आणि आजच्या तरुणांना नेमकं तेच हवं आहे.

मग आजची मंडळं कुठे कमी पडतात? पहिली गोष्ट, पैसा कशावर खर्च होतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार झाले. लाकडी खांबांची, कौलारू, देखणी देवळं पाडून तिथे फरशीची आणि सिमेंटच्या कळसाची देवळं आली. श्रद्धेला माझा विरोध नाही, आणि ग्रामदेवतेचं देऊळ हे कोकणात गावाचं एकत्र येण्याचं ठिकाण आहे. पण शाळेचा पट घसरत असताना, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नसताना आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर येत असताना सगळी वर्गणी सभामंडपाकडे जाते, तेव्हा शिकलेली मुलं गप्प बसतात आणि नंतर यायची थांबतात. दुसरी गोष्ट, कोण ठरवतं. सभेत मान वयाला आणि मानकऱ्याला. बारा वर्षं प्रकल्प व्यवस्थापनाचं काम केलेल्या मुलाला सभेत खुर्च्या मांडायचं काम मिळतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, आणि तिच्याबद्दल बोललं जात नाही. बहुतेक मंडळांत सभासद म्हणजे पुरुष. वर्गणी घरटी किंवा कमावत्या पुरुषामागे. याच गावातली मुलगी मुंबईत परिचारिका आहे, पुण्यात संगणक अभियंता आहे, बँकेत अधिकारी आहे, तरी तिचं नाव यादीत नाही. लग्नानंतर तर ती दुसऱ्या गावाची. ज्या जिल्ह्यात बायकांनी गाव राखलं, तिथे कमावत्या लेकींकडे मंडळ पावतीपुस्तकच घेऊन जात नाही. निम्म्या पिढीला विचारायचंच नाही आणि पिढी बिघडली म्हणायचं, हे न्यायाचं नाही. चौथी गोष्ट जात. जातवार संघांचं ऋण मोठं आहे; १९२०मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कुणबी समाजोन्नती संघासारख्या संस्थांनी ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांची मुलं शिकवली. पण एकाच गावाची मुंबईत तीन मंडळं असतात, आणि गावचा पाणीप्रश्न तिन्हींपैकी एकाचाही नसतो.

आता दुसरी बाजू. या पिढीने जिथे मनापासून दिलं आहे अशी दोन कामं याच जिल्ह्यात आहेत, आणि दोन्हींचं नाव जगात पोचलं आहे.

पहिलं कातळशिल्पांचं. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर जांभ्या कातळात कोरलेली चित्रं शतकानुशतकं उघड्यावर होती. गुराख्यांना ती माहीत होती, काही ठिकाणी लोक त्यांना पांडवांची म्हणत. अभियंता सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्राध्यापक सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी निसर्गयात्री संस्थेमार्फत, आपापले उद्योग सांभाळून, सुट्टीचे दिवस खर्चून ती शोधायला सुरुवात केली. सड्यावर ऊन चढायच्या आत पोचायचं, गवत आणि माती दूर करायची, चित्राच्या कडा मोकळ्या करायच्या, मापं घ्यायची, रेखाटन करायचं, जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे, मग जमिनीचा मालक शोधून त्याला समजवायचं की इथला चिरा काढू नका. हजाराहून अधिक चित्रं नोंदली गेली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसत नाही. त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली आहेत. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात गावं आपल्या जिल्ह्यातली. बरोबर सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमळ. सुरुवातीला ना मोठा देणगीदार होता, ना सरकारी योजना. मोजमाप, नकाशा, छायाचित्रण, जमिनीचे कागद वाचणं ही नोकरदारांची रोजची कौशल्यं होती, ती एका कामाकडे वळली.

आणि हे काम निरुपद्रवी राहत नाही. त्या यादीतलं बारसू हे नाव २०२३मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती सर्वेक्षणावरून पेटलेल्या आंदोलनातही होतं. प्रकल्प हवा की नको यावर गावात आणि मुंबईकरांतही मतभेद आहेत. तरुणांना समाजकामात बोलवायचं आणि अशा विषयांवर तोंड बंद ठेवा म्हणायचं, हे चालणार नाही. भूमिका घ्यायची मोकळीक नसेल तर उरतं ते फक्त वह्यावाटप.

दुसरं काम कासवांचं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवण्याचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी काढून खाल्ली किंवा विकली जात. काम असं : पहाटे किनारा चालायचा, मादीच्या वल्ह्यासारख्या पायांचे माग शोधायचे, घरटं सापडलं की शंभरेक अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची. पन्नासेक दिवसांनी वाळू हलते. घरट्यावर टोपली ठेवलेली असते. ती उचलून पिल्लं मोजायची आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यापासून काही अंतरावर सोडायची, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी लाटेपर्यंत जातात. २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला, मुंबई-पुण्याची तरुण मंडळी येऊ लागली, घरोघरी त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली आणि अंडी राखण्यात गावाचा फायदा आहे हे दिसलं. जानेवारी २०२२मध्ये वेळासलाच एका मादीला उपग्रह ट्रान्समीटर लावला. तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि ओडिशात २०२१मध्ये खूण केलेली एक मादी जानेवारी २०२५ला गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. जागतिक प्रश्न म्हणजे काय, हे गुहागरच्या शाळेतल्या मुलाला याहून सोपं करून सांगता येणार नाही.

दूरच्या माणसासाठी काही करण्याची परंपरा मराठी मुलखाला परकी नाही. १९३८मध्ये जपानने चीनवर हल्ला केलेला असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकते शिकलेले, अठ्ठाविशीच्या आतले. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर परतले, कोटणीस राहिले आणि डिसेंबर १९४२मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. घरात पारतंत्र्य असताना चीनसाठी डॉक्टर कशाला, असं विचारणारे तेव्हाही असतील. लोकांनी वर्गणी जमवून ते पथक पाठवलं, हे महत्त्वाचं.

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७१च्या पूर्व बंगालमधल्या हालांवर लिहिलेला एक निबंध पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. मदत करणं शक्य असेल तर पीडित माणूस शेजारी आहे की हजारो मैलांवर, याने कर्तव्यात फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारातून २००९मध्ये ऑक्सफर्डला तरुण नोकरदारांची एक चळवळ निघाली. मिळकतीचा दहावा भाग द्यायची शपथ घ्यायची आणि कमीत कमी पैशात जास्तीत जास्त जीव जिथे वाचतात तिथे तो पाठवायचा. मलेरियाच्या मच्छरदाण्या, जंतनाशक गोळ्या, असली कामं त्यांनी हिशोब मांडून निवडली. हा हिशोबीपणा मला आवडतो. आपल्या सभामंडपांना तो लावून पाहावा. पण या विचारात एक उणीव आहे. तिथे देणारा कुणाला ओळखत नाही आणि घेणारा त्याला काही विचारू शकत नाही. आपल्या मंडळात नेमकी उलटी उणीव : सगळे ओळखीचे, म्हणून ओळखीपलीकडचा कुणी दिसत नाही. वेळासला दोन्ही गोष्टी जुळल्या. काम गावाचं, ओळखीच्या माणसांचं. आणि ज्याच्यासाठी करायचं तो जीव कुठल्याही एका देशाचा नाही.

व्यवहाराची बाजू थोडक्यात. कर वाचवण्यासाठी देणगी, हा मुद्दा तरुणांपुरता जवळपास संपला आहे. नव्या करप्रणालीत ८०जीची सवलत नाही, २०२३-२४पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते आणि बहुतेक पगारदार तिच्यातच आहेत. गावच्या मंडळांना तसाही ८०जीचा दाखला क्वचितच असतो. कंपन्यांना २०१४पासून नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चणं कायद्याने बंधनकारक झालं, मात्र फक्त मोठ्या कंपन्यांना. तो पैसा कारखान्याच्या आसपास आणि कागदपत्रं चोख असलेल्या संस्थांकडे जातो. परदेशातल्या मुलांसाठी एक गोष्ट माहीत असावी : भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगी ठरत नाही, तिकडचं नागरिकत्व घेतल्यावर मात्र ठरतो, आणि मग संस्थेला त्यासाठीचा परवाना लागतो. या एका अज्ञानापायी कितीतरी चांगल्या देणग्या अडतात.

तरुणांना कामात घेण्याचे महाराष्ट्रातले जुने यशस्वी प्रयोग पाहिले तर त्यांत एक गोष्ट सारखी दिसते : पैशाच्या आधी पाय तिथे नेले. बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७पासूनची. पुढे नाव काढलेले अनेक कार्यकर्ते त्या मातीत घडले. पुण्याच्या मैत्री संस्थेने १९९७पासून शहरी स्वयंसेवकांना पावसाळ्यात, बालमृत्यू वाढतात त्या दिवसांत, मेळघाटातल्या पाड्यांवर नेलं. काम साधं होतं : घरोघर जायचं, आजारी मूल वेळेत ओळखायचं, दवाखान्यापर्यंत पोचवायचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ला निर्माण सुरू केलं ते तरुण डॉक्टर, अभियंत्यांना आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न गंभीरपणे विचारता यावा म्हणून. रत्नागिरीत देवरुखच्या मातृमंदिराचं उदाहरण आहे. इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ला ते लहानशा जागेत सुरू केलं. पण तरुणांना वर्षभर, ठरलेल्या कामाला, ठरलेल्या माणसाच्या हाताखाली घेणारी व्यवस्था कोकणात विरळा आहे.

तिची उणीव सर्वांत जास्त चिपळूणला जाणवते. २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठी आणि शिवनदीने अख्खी बाजारपेठ बुडवली. २००५च्या पुरातून सावरलेल्या १८६४च्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथ पुन्हा पाण्यात गेले. त्या आठवड्यात राज्यभरातून तरुण आले. गुडघाभर चिखलात दुकानं धुतली, पाण्याच्या बाटल्या, औषधं, भांडी वाटली. त्यांच्याविषयी मनात कृतज्ञताच आहे. मग मदत थांबली, कारण बातमी थांबली. डिसेंबरमध्ये गाळ काढा म्हणून शहरवासीयांनी साखळी उपोषण केलं, तेव्हा बाहेरचं कुणी फारसं नव्हतं. पुढे जलसंपदा विभागाबरोबर नाम फाउंडेशनची यंत्रं नदीत उतरली आणि मोठ्या प्रमाणावर गाळ निघाला.

गाळ दर पावसाळ्यात पुन्हा येतो. वरच्या खोऱ्यातला पाऊस गावागावांत मोजून नोंदवणं, कोळकेवाडी धरणातून सुटणारं पाणी आणि भरतीची वेळ एकत्र वाचता येईल असा साधा तक्ता बनवणं, पूररेषेचा नकाशा गल्लीनिहाय करून लोकांना समजावणं, छोट्या दुकानदारांना विमा काढायला मदत करणं, वाचन मंदिरातल्या दुर्मीळ ग्रंथांच्या प्रती संगणकावर चढवणं, अशी डझनभर कामं आहेत. ती संगणकवाल्याची, विमा कंपनीतल्या मुलीची, भूगोलाच्या शिक्षकाची, हिशोबनीसाची कामं आहेत, आणि बरीचशी पुण्यात किंवा दुबईत बसूनही होतील. मंडळाने वर्गणीबरोबर सभासदांचे व्यवसाय नोंदवले, लेकींची नावं यादीत घेतली, एक काम आणि त्याचा खर्च पस्तिशीच्या आतल्या पाच जणांवर सोपवला आणि जमाखर्चासारखाच त्यांचाही हिशोब सभेत ऐकला, तर सुरुवातीला एवढं पुरेसं आहे. पाऊस मोजणं सोडलं तर हिंडून करायच्या कामांचे महिने ऑक्टोबर ते मे. जूनचा पाऊस लागला की खोऱ्यात फिरता येत नाही.